गाडीचा टेप आवाज वाढवला की बंद पडतो; मीटर तर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतोय

राजमाची (धागाकर्ता)

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचा टेप नाही, नंतर बसवलेला एक-डिन (एका खाचेच्या उंचीचा) डेक आहे. एफएम, यूएसबी, ब्लूटूथ. गेले दहा दिवस असं चाललंय:

चावी एसीसीवर (इंजिन सुरू न करता टेप वगैरे चालू होण्याच्या खाचेवर) आणली की डिस्प्ले उजळतो, एफएम लागतो, आवाज १० पर्यंत काही तक्रार नाही. १५ च्या पुढे नेला किंवा ढोलकीचा ठेका जोरात आला की डिस्प्ले विझतो, दोनेक सेकंदांनी आपोआप परत येतो. आला की घड्याळ १२:०० वर आणि साठवलेली स्टेशनं गायब. इंजिन चालू असताना बारीक शिट्टी येते, रेस केली की शिट्टीचा सूर चढतो.

आतापर्यंत तपासलं ते असं. डॅशखालच्या फ्यूजबॉक्समधला रेडिओचा फ्यूज शाबूत, डेकच्या पाठीवरचा १० अँपिअरचा लाल फ्यूजही शाबूत. मल्टीमीटरवर पिवळ्या (थेट बॅटरीच्या) तारेला १२.४ व्होल्ट, लाल (चावीबरोबर चालू होणाऱ्या) तारेला एसीसीवर १२.३. काळी (अर्थिंगची) तार बॉडीशी बीप देते. दुकानदाराचं म्हणणं, आयसी (डेकमधली आवाजाची ॲम्प्लिफायर चिप) गेलाय, नवीन डेक टाका. त्याआधी आणखी काय तपासता येईल?

प्रतिसाद १ · पेचकस

बॅटरी किती जुनी आहे? रात्रभर उभ्या गाडीत सकाळी स्टार्टर मारण्याआधी १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. चालू इंजिनवर १३ च्याही खाली असेल तर आधी अल्टरनेटर दाखवा.

दुसरं, १० च्या जागी १५ किंवा २० चा फ्यूज टाकून बघा. कदाचित करंट पुरत नसेल.

प्रतिसाद २ · काळी_तार

पेचकस, बॅटरीचं बरोबर. फ्यूजचं मात्र कृपया कोणी करू नका. फ्यूज करंट 'पुरवत' नाही, तो फक्त तारेला वाचवतो. इथे फ्यूज उडालेलाच नाही, म्हणजे तिथे अडवणूक नाही. डेकच्या हार्नेसच्या (जुडग्याच्या) तारा बारीक असतात. २० चा पिवळा फ्यूज टाकला आणि उद्या कुठे शॉर्ट झाला तर फ्यूज राहील आणि तार डॅशच्या आत वितळेल. जळलेला फ्यूज बदलताना रंग बघूनच घ्यावा: ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

राजमाची, तुम्ही दिलेली लक्षणं एकत्र ठेवली तर आयसीपेक्षा काळ्या तारेवर माझा संशय जास्त आहे. कारण नीट मांडतो, कारण हा प्रकार फार दिसतो आणि त्यात चांगले डेक भंगारात जातात.

मल्टीमीटर मोजताना जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वीस धाग्यांच्या तारेतले सतरा तुटले आणि उरलेल्या तिघांवर हिरवा गंज चढला, तरी मीटर १२.४ च दाखवणार. नळाच्या पाइपात गाळ साचलेला असला तरी तोटी बंद असताना दाब पूर्णच असतो. तोटी उघडली की करंगळीएवढी धार येते, तसंच हे. बीपचंही तेच. बहुतेक मीटरचा बीप तीस-पन्नास ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतो. तुमच्या अर्थिंगला ५ ओहम असले तरी तो आनंदाने वाजेल.

आता हिशोब करा. अर्थिंगच्या वाटेत समजा फक्त १ ओहम अडथळा आहे. डेक हळू आवाजात अर्धा अँपिअर घेतो, अर्धा व्होल्ट गळतो, काही कळत नाही. ठेका पडला की क्षणभर ४ अँपिअर मागितले जातात, तिथे ४ व्होल्ट गळतात, डेकला ८.४ उरतात आणि त्याचा प्रोसेसर झोपतो. झोपला की करंट थांबतो, व्होल्टेज परत १२.४ वर, पुन्हा जाग. तुमची दोन सेकंदं ती हीच. अर्थिंग ही पिवळ्या आणि लाल दोन्ही तारांची परतीची वाट असल्यामुळे घड्याळ आणि स्टेशनंही त्याच फटक्यात जातात. आयसी जळला असता तर आवाज गेला असता, घड्याळ नाही.

चाचणी अशी. इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या, दोन तारा जोडून टोकांना क्लिपा लावा. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. डेकचा कपलर (तारांचा प्लग) काढा. मग:

पिवळी तार आणि बॉडीचं उघडं लोखंड (दाराच्या बिजागरीचा बोल्ट चालेल) यांत बल्ब लावा. लाल तार एसीसीवर, पुन्हा तसाच. शेवटी पिवळी तार आणि हार्नेसमधलीच काळी तार. तिन्ही वेळा बल्ब सारखाच लख्ख हवा. शेवटच्या वेळी मिणमिणला तर उत्तर मिळालं.

बल्ब लगेच तापतो, प्लास्टिकवर टेकवू नका. आणि डॅशमध्ये पिवळ्या आवरणातले कपलर दिसले तर त्यांना हात, बल्ब, मीटर काहीही लावायचं नाही. ते एअरबॅगचे असतात.

प्रतिसाद ३ · अबोली

काळी_तार यांना +१. डेक जोडलेला ठेवूनही खातरजमा होते. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक डेकच्या पत्र्याच्या पेटीला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला. डेक चालू, आवाज चढवत न्या. ०.१ च्या आत राहिलं तर उत्तम, ०.२ पर्यंत चालवून घ्या. त्याहून जास्त म्हणजे तेवढे व्होल्ट अर्थिंगच्या वाटेत वाया जातायत.

आणखी एक सोपी खूण. डेक चालू असताना पाठीमागची अँटेनाची पिन उपसा. फक्त एफएम जायला हवा. डिस्प्लेच मंद झाला किंवा डेकच बंद पडला, तर डेकचा परतीचा करंट अँटेनाच्या केबलच्या जाळीतून छताकडे जात होता असं समजा. त्या जाळीचं ते काम नाही. शिट्टीही बहुतेक त्याच वाटेने येत असेल.

प्रतिसाद ४ · राजमाची

केलं. निकाल:

पिवळी ते बिजागरीचा बोल्ट, लख्ख. लाल ते बोल्ट, लख्ख. पिवळी ते काळी, फिलामेंट नुसतं नारिंगी.

डेकचा पत्रा ते बॅटरी निगेटिव्ह: आवाज ८ वर ०.९ व्होल्ट, १४ वर २.६ पर्यंत उड्या. अँटेनाची पिन काढली तर डिस्प्ले फिकट झाला आणि आवाज ३ वरच डेक बंद पडला.

म्हणजे काळी तार नक्की. आता ती शोधायची कुठे? डेक उपसायला वेगळी हत्यारं लागतील का?

प्रतिसाद ५ · काळी_तार

एक-डिन डेकसोबत पत्र्याच्या दोन चपट्या चाव्या येतात. नसतील तर ॲक्सेसरीजच्या दुकानात सुट्या मिळतात. पुढची प्लास्टिकची चौकट नखाने किंवा कापड गुंडाळलेल्या चपट्या पेचकसाने काढा, दोन्ही बाजूंच्या फटीत चाव्या 'टक' होईपर्यंत सारा आणि डेक सरळ पुढे ओढा. तिरपा ओढला तर पत्र्याची पिंजरी वाकते. गिअरच्या दांड्यावर आणि खालच्या प्लास्टिकवर आधी जाड फडकं टाका. टू-डिनवाल्यांना बहुधा पूर्ण फेशिया काढावा लागतो. आत चार स्क्रू असतात. स्क्रू हातातून सुटला तर एसीच्या डक्टमागे जातो, म्हणून पेचकसाच्या टोकाला चुंबक हवाच.

जोड उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि परत लावताना तीच शेवटी लावा.

मग काळ्या तारेला बोट लावून शेवटपर्यंत जा. नंतर बसवलेल्या डेकमध्ये दोनच जागा असतात. एक, डेकची तार आणि गाडीची तार जिथे पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली असते. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशमध्ये त्या पट्टीचा गोंद वितळून चिकट रस होतो, पट्टी सरकते, पीळ सैल पडतो. दुसरी जागा, तारेचं टोक जिथे एखाद्या पट्टीच्या स्क्रूखाली दाबलेलं असतं. स्क्रू रंगावरून गेलेला असेल तर संपर्क फक्त त्याच्या आट्यांवर टिकलेला असतो.

प्रतिसाद ६ · राजमाची

दोन्ही सापडलं. चिकटपट्टी काढली तर आत काळसर चिकट थर, तीनच धागे धरून होते, बाकीचे तुटून पट्टीला चिकटलेले. आणि टोक डेकच्या मागच्या ब्रॅकेटवर पत्र्याच्या स्क्रूने दाबलेलं. ब्रॅकेट रंगवलेलं, स्क्रूभोवती काळं कडं पडलंय.

आता जोड कसा द्यावा? सोल्डर की क्रिंप (नळी चेपून)?

प्रतिसाद ७ · टेस्टलॅम्प

सोल्डर. डाग नीट बसला की आयुष्यभर बघायला नको.

प्रतिसाद ८ · काळी_तार

टेस्टलॅम्प, टेबलावर मान्य. डॅशमध्ये आडवं पडून, एका हातात तार, दुसऱ्यात सोल्डरगन अशा अवस्थेत बहुतेकांचा डाग थंडच बसतो. वर चकचकीत, आत सुटा. शिवाय कथील तारेत जिथपर्यंत शोषलं जातं तिथे तार काडीसारखी कडक होते आणि गाडीच्या हादऱ्याने नेमकी त्या रेषेवर तुटते. डाग द्यायचाच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर पुढपर्यंत हीट श्रिंक स्लीव्ह चढवा आणि तार कशाला तरी बांधून ठेवा. एरवी योग्य मापाची तांब्याची नळी आणि खरं क्रिंपिंगचं हत्यार. पक्कडीने चेपलेली नळी ओढली की निघते. चेपल्यावर ओढून बघायचंच.

राजमाचींच्या बाबतीत जोड टाळलेलाच बरा. ते जुनं टोक सोडून द्या. १.५ चौरस मिमीची बहुतंतू काळी तार साधारण फूटभर घ्या. एका टोकाला ६ मिमीचा गोल लग (बोल्टखाली बसणारं भोकाचं टोक) चेपा, दुसरं टोक डेकच्या काळ्या तारेला जोडा. डॅशच्या आत जो आडवा लोखंडी बीम आहे, त्यावर १० च्या पान्याचा बोल्ट सापडेल. तो काढून लगच्या आकाराची जागा सँडपेपरने चकाकेपर्यंत घासा. दातेरी वॉशर, लग, बोल्ट, घट्ट. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिनचा हात. आधी नाही. एअरबॅगच्या अर्थिंगचा बोल्ट असेल तर तो सोडून दुसरा घ्या.

प्रतिसाद ९ · राजमाची

झालं. डेकचा पत्रा ते बॅटरी निगेटिव्ह: आवाज १४ वर ०.०४, २५ वर ०.०७. डेक एकदाही बंद पडला नाही. अँटेना काढली तर फक्त एफएम जातो. एफएमवरची शिट्टी पूर्ण गेली.

फक्त फोन लायटरच्या सॉकेटमधल्या चार्जरवर आणि त्याच वेळी ऑक्स केबलने डेकला जोडला की हलकी शिट्टी येते. चार्जर काढला की बंद.

प्रतिसाद १० · अबोली

तो वेगळा विषय आहे, तुमचं अर्थिंग आता चांगलंच आहे. फोनला दोन वाटांनी अर्थ मिळतोय, एक चार्जरमधून, दुसरी ऑक्सच्या केबलमधून. दोन्ही बिंदूंत अल्टरनेटरमुळे जो बारीक फरक असतो तो ऑक्सच्या तारेतून वाहतो आणि ॲम्प्लिफायर त्याला आवाज समजतो. ऑक्सच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी लावा, आत दोन ट्रान्सफॉर्मर असतात, काम होतं. किंवा ब्लूटूथ वापरा, तारच नाही तर वाटही नाही.

वाचणाऱ्यांसाठी: शिट्टी सगळ्या सोर्सवर येते की फक्त एफएमवर, हे आधी ठरवा. रेसबरोबर सूर चढतो आणि सगळीकडे येते, तर अर्थिंग. फक्त एफएमवर खरखर असेल आणि इंजिन बंद ठेवूनही असेल तर चोर हवेतून येतोय. डॅशकॅम, स्वस्त यूएसबी चार्जर आणि बाजारातले एलईडी हेडलाइट बल्ब हे तीन नेहमीचे. एकेक उपसून बघा. चार्जरमध्ये फोन लावलेला नसला तरी तो सॉकेटात असेपर्यंत खरखर करू शकतो.

प्रतिसाद ११ · सागरगोटा

रत्नागिरीहून. अर्थिंग वरच्यासारखंच तपासलं, ०.०५. डिस्प्ले, यूएसबी, आवाज सगळं उत्तम. फक्त एफएम पावसाळ्यापासून खरखरतोय, आणि पाऊस थांबल्यावर चार दिवसांनी थोडा सुधारतो. अँटेना छतावर, मागच्या बाजूला, आखूड. डेक कंपनीचाच.

प्रतिसाद १२ · अबोली

पाऊस उघडल्यावर सुधारतो हे फार मोलाचं सांगितलंत. छतावरच्या अँटेनाच्या बुडाशी रबराची गादी असते. उन्हाने ती तडकते, पाणी आत जातं, आणि केबलची तांब्याची जाळी दिव्याच्या वातीसारखं ते पाणी पुढे ओढत नेते. तांबं हिरवं पडतं.

आधी डेक निर्दोष आहे याची खात्री करा. अँटेनाची पिन काढून डेकच्या सॉकेटच्या मधल्या भोकात साधारण ७५ सेंटिमीटरची साधी तार खोचा आणि तार काचेवर उभी धरा. लांबी तेवढीच का, तर १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर आणि तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटिमीटर. या तारेवर स्टेशनं स्वच्छ लागली तर ट्यूनर ठीक, दोष छताकडे.

तुमची अँटेना आखूड आहे म्हणजे बुडात बहुधा ॲम्प्लिफायर असणार, आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. ते काही गाड्यांत वेगळ्या निळ्या तारेने जातात, काहींत अँटेनाच्या केबलमधूनच. डेक चालू असताना तिथे १२ आहेत का बघा. नसतील तर अँटेना बदलूनही फरक पडणार नाही. ज्यांनी कंपनीचा डेक काढून बाहेरचा बसवला आणि त्या दिवसापासून एफएम मेला, त्यांची निळी तार जोडायचीच राहिलेली असते. दुसऱ्या टोकाची चूकही होते, त्याच निळ्या तारेवर कोणी पंखा किंवा दिव्याची पट्टी चालवतो. ती तार फक्त इशारा देण्यापुरती असते, अर्धा अँपिअरही ओढू नका. आतला ट्रान्झिस्टर जातो.

१२ येत असतील तर मागच्या बाजूचं छताचं अस्तर थोडं खाली घेऊन बुडाचा नट सोडा. हिरवा चुरा दिसला तर बूड आणि केबलचा तेवढा तुकडा बदला, घासून साफ करण्यात वेळ घालवू नका. गादी नवीनच टाका. वरून सिलिकॉन लावायचं झाल्यास व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातून सुटणारं ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागा.

प्रतिसाद १३ · घाटवाट

माझा प्रश्न उलटा आहे. डिस्प्ले चालू, स्टेशन पुढे सरकताना दिसतं, पण चारही स्पीकर गप्प. मागच्या आठवड्यात मागच्या दाराचं ट्रिम काढून परत लावलं होतं, तेव्हापासून. फेडर-बॅलन्स मध्यावर आहे, म्यूट नाही.

प्रतिसाद १४ · काळी_तार

ट्रिमची क्लिप किंवा स्क्रू स्पीकरच्या तारेतून गेला असण्याची शक्यता सर्वात मोठी. एका स्पीकरची तार बॉडीला लागली की चारही चॅनलचा आयसी स्वतःला वाचवण्यासाठी गप्प बसतो. तो मेलेला नसतो.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढे चूक होणार नाही. आजच्या डेकमध्ये स्पीकरची निगेटिव्ह तार ही अर्थिंग नसते. दोन्ही तारा ॲम्प्लिफायरच चालवतो. डेक चालू करून प्रत्येक स्पीकरतार अर्थिंगच्या तुलनेत मोजली तर दोन्हींवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सहाच्या आसपास व्होल्ट मिळतात, आणि दोघींमध्ये जवळजवळ शून्य. जुन्या सवयीने कोणी चारही निगेटिव्ह एकत्र करून बॉडीला जोडल्या की आयसी थेट शॉर्टवर बसतो.

तुमच्यासाठी क्रम: डेक बंद, स्पीकरचा कपलर काढा. ४ ओहमचा एक सुटा स्पीकर थेट डेकच्या पुढच्या डाव्या जोडीला लावा (पांढरी आणि पांढरी-काळी). वाजला तर डेक ठीक आहे. मग गाडीच्या बाजूच्या तारा मीटरने बघा. प्रत्येक जोडीत ३.२ ते ३.८ ओहम हवेत, आणि जोडीतली कोणतीही तार ते बॉडी यांत काहीच नको. जी बॉडीशी बोलते ती तार त्या दारात चेपलीय. पुढच्या उजव्याची जोडी करडी, मागच्या डाव्याची हिरवी, मागच्या उजव्याची जांभळी. काळी रेघ असलेली तार त्या जोडीतली निगेटिव्ह. हे रंग बाहेरच्या डेकचे आहेत, गाडीच्या मूळ हार्नेसचे रंग प्रत्येक कंपनीत वेगळे, तिथे रंगावर विश्वास ठेवू नका.

कोणती जोडी कुठल्या दाराची हे कळत नसेल तर पेन्सिल सेल, दीड व्होल्टचा, क्षणभर तारांना टेकवा. त्या दारातून 'टुक' ऐकू येईल. पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या तारेला लागला ती पॉझिटिव्ह. हे फक्त डेकचा कपलर काढलेला असतानाच करायचं.

प्रतिसाद १५ · टेस्टलॅम्प

सुटा स्पीकरही वाजला नाही तर पुढचं मी सांगतो. अनेक डेकमध्ये टीडीए७३८८ किंवा त्याच्या नात्यातला, २५ पायांचा आयसी असतो. ७३८८ मध्ये पाय ६ आणि २० वर बॅटरीचे व्होल्ट, पाय ४ हा स्टँडबाय, पाय २२ म्यूट. ६ आणि २० वर १२ आहेत, पण ४ किंवा २२ शून्यावर पडलाय, तर आयसीला कोणीतरी झोपवून ठेवलंय, दोष प्रोसेसरच्या बाजूला शोधा. सगळे व्होल्ट जागेवर असून एखाद्या आउटपुटला सहाऐवजी शून्य किंवा पूर्ण १२ दिसत असतील तर आयसी गेला. तसा डेक स्पीकर लावून चालू ठेवू नका, तो डीसी स्पीकरची कॉइल जाळतो.

आयसी बदलताना हीटसिंकवरची जुनी पेस्ट पूर्ण पुसून नवीन पातळ थर, आणि स्क्रू घट्ट आवळल्यानंतरच पायांना डाग. आधी डाग देऊन मग आवळला तर पायांवर ताण राहतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आयसी मिळतो. अगदी स्वस्तात देऊ केलेला टाळा, छाप पुसून नवी मारलेले आयसी बाजारात फिरतात.

प्रतिसाद १६ · घाटवाट

मागच्या डाव्या दारात हिरवी-काळी तार ट्रिमच्या क्लिपखाली चेपली होती. स्लीव्ह चढवून तार वर बांधली, चारही चालू. सुट्या स्पीकरच्या युक्तीमुळे डेकला हात लावावा लागला नाही, धन्यवाद.

प्रतिसाद १७ · काळी_तार

छान. त्याच दारात खांब आणि दार यांच्यामधला रबरी भाता बघून घ्या. दार उघडता-मिटता तार तिथेच तुटते. एकच स्पीकर दार हलवल्यावर येतो-जातो असं झालं तर ट्रिम न काढता आधी तो भाता उघडायचा.

प्रतिसाद १८ · दिवेलागण

अँड्रॉइड स्टिरिओ बसवल्यापासून गाडी दोन दिवस उभी राहिली की स्टार्टर उचलत नाही. बॅटरी ३५ एएच (अँपिअर-तास), सहा महिन्यांची. चावी काढली की स्क्रीन बंद होते.

प्रतिसाद १९ · काळी_तार

स्क्रीन काळी झाली म्हणजे स्टिरिओ झोपला असं नाही. मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून बॅटरीच्या निगेटिव्हशी सिरीजमध्ये जोडा. बॉनेट उघडं, दारं बंद, अर्धा तास थांबा, तोवर गाडीतली बाकीची यंत्रणा झोपते. मीटर जोडलेला असताना स्टार्टर अजिबात मारायचा नाही. आकडा ०.०५ अँपिअरच्या आत हवा. तुमच्याकडे ०.५ निघाला तर ३५ एएचची बॅटरी सत्तर तासांत कागदोपत्री रिकामी, आणि स्टार्टरचं काम त्याच्या बरंच आधी थांबतं. तुमचे दोन दिवस जुळतात. स्टिरिओचा फ्यूज काढल्यावर आकडा पडला तर चोर तोच.

कारण बहुधा एकच. लाल तारेला एसीसीची वाट शोधण्याचा त्रास नको म्हणून लाल आणि पिवळी एकत्र पिळून बॅटरीला जोडलेली असते. लाल सोडवा आणि लायटर सॉकेटच्या फ्यूजवरून घ्या, तो चावीबरोबर बंद होत असेल तर. फ्यूज टॅप नावाची छोटी वस्तू मिळते, तार न कापता काम होतं.

उलट दोषही असतो. फोक्सवॅगन, स्कोडाच्या जुन्या गाड्यांत डेकच्या कपलरमधला ४ आणि ७ नंबर आयएसओच्या (ठरलेल्या मानकाच्या) उलट असतो, तिथे साधं ॲडॉप्टर लावलं की दर वेळी चावी काढताना स्टेशनं पुसली जातात. पिवळी-लाल यांची अदलाबदल केली की मिटतं. कित्येक ॲडॉप्टरवर त्यासाठीच दोन ओढून काढायच्या टोप्या दिलेल्या असतात.

प्रतिसाद २० · सॅन_होजे_मराठी

इथला (अमेरिकेतला) वापरलेला डेक पुण्याला पाठवला, भावाने बसवला. ९१.१, ९३.५, ९८.३ छान लागतात, पण विविध भारतीचा १०१ लागतच नाही, फाटका आवाज येतो. मुंबईत गेला की तिथला १००.७ आणि १०७.१ व्यवस्थित. अँटेनाचा दोष असेल का?

प्रतिसाद २१ · अबोली

अँटेना नाही. अमेरिकेत एफएमची स्टेशनं २०० किलोहर्ट्झच्या पायरीने आणि विषम दशांशावरच असतात. त्यामुळे तो डेक १००.९ वरून थेट १०१.१ वर उडी मारतो, १०१.० त्याला ठाऊकच नाही. तुम्ही दिलेली बाकीची सगळी वारंवारता विषम दशांशाची आहे, म्हणून ती लागतात. मीडियम वेव्हवरही हेच होईल. तिथे १० किलोहर्ट्झची पायरी, आपल्याकडे ९ ची. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ वर, म्हणजे ९ × ६२. दहाच्या पायरीवर ती ५५० आणि ५६० च्या मध्ये हरवते.

डेक सोर्स-ऑफ करून मुख्य बटण काही सेकंद दाबून धरा, सुरुवातीच्या सेटिंगमध्ये एफएम स्टेप, एएम स्टेप किंवा एरिया असा पर्याय असेल तर एफएम ५० किंवा १००, एएम ९ करा. पर्यायच नसेल तर त्या डेकवर १०१ कधीच नीट लागणार नाही. जपानमधून आलेल्या डेकचं दुखणं आणखी वेगळं. तिथला एफएम ७६ पासून सुरू होतो आणि ९५ च्या आसपास संपतो, वरची स्टेशनं त्याच्या पट्टीतच नसतात.

प्रतिसाद २२ · पेचकस

वर बॅटरीची निगेटिव्ह काढायला सांगितलंय, त्यात एक भर. कंपनीचा जुना डेक असेल तर आधी गाडीच्या कागदपत्रांत कोडचं कार्ड आहे का बघा. बॅटरी तुटली की काही डेक परत जोडल्यावर CODE ऐवजी SAFE असंही दाखवतात. अंदाजाने आकडे टाकत बसू नका, दोन-तीन चुकांनंतर तो कुलूप लावून घेतो. तसं झालं तर डेक चालू ठेवून साधारण तासभर थांबा, मग पुन्हा एक संधी मिळते. कार्ड नसेल तर डेकचा सिरीयल नंबर आणि चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. नंबर बहुधा डेकच्या वरच्या पत्र्यावरच्या स्टिकरवर असतो.

आणि फ्यूजबद्दल काळी_तार यांचं पटलं. माझा पहिला प्रतिसाद वाचून कोणी मोठा फ्यूज टाकला असेल तर काढा.

प्रतिसाद २३ · दिवेलागण

मोजलं, ०.६२ अँपिअर. लाल आणि पिवळी खरंच एकत्र पिळलेली निघाली. लाल सोडवून लायटरच्या १५ च्या फ्यूजवर टॅप घेतला. अर्ध्या तासानंतर ०.०२. टॅपमध्ये दोन फ्यूजच्या जागा आहेत, दुसरीत किती अँपिअरचा टाकू?

प्रतिसाद २४ · काळी_तार

लाल तार फक्त जागं करायला, ५ चा पुरे. मूळ १५ चा फ्यूज टॅपच्या खालच्या, पायांजवळच्या जागेत, ५ चा वरच्या. आणि टॅप सॉकेटात बसवताना एकदा फिरवून बघा. लायटरचा फ्यूज काढला तरी स्टिरिओ चालू राहिला तर दिशा बरोबर आहे.